बॉनेटखालचा नमदा

सकाळी ऑफिसात आल्यावर माणसं हजेरीपटावर सही करतात. आमचे ड्रायव्हर विश्वनाथआप्पा आधी गाडीचं बॉनेट उघडायचे आणि आत डोकं घालून वर बघायचे. खाली अख्खं इंजिन पडलेलं, तिकडं त्यांचं लक्ष नसायचं. बॉनेटला आतल्या बाजूनं जो नमदा चिकटवलेला असतो, त्याला ते हात लावायचे, मग गाल लावायचे, मग नाक. एवढं झालं की बॉनेट इतकं हळू खाली आणायचे की शेजारच्या झाडावरचा कावळासुद्धा उडू नये. नव्यानं लागलेल्या शिपायानं पहिल्या दिवशी मला विचारलं, ह्यांचं काही दुखतं का. मी म्हटलं, दुखतं बाबा, पण काय ते तुला कळायला महिना लागेल.

मी त्या वर्षी टंचाई शाखेत कारकून होतो. कुठल्या गावाला टँकर गेला, कुठल्या गावाला गेला नाही, आणि गेला नाही तर का नाही, हे तीन प्रतींत लिहायचं, एवढंच काम. लातूर नवा जिल्हा होऊन थोडेच दिवस झालेले. बोर्ड नवा, शिक्के नवे, पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातही नाही आणि नव्यातही नाही. मी मूळचा उमरीचा. बदली नांदेडला मागितली होती, मिळाली इथं. सकाळी नळाची वाट बघायची, दिवसभर दुसऱ्यांच्या पाण्याचे कागद लिहायचे, संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा नळाची वाट बघायची. वैताग आला होता नुसता.

जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा सामानाचीही झाली, आणि भावाभावांत होते तशीच झाली. आमच्या वाट्याला तीन पायांच्या खुर्च्या आल्या, 'र' न उमटणारा टाईपरायटर आला (जिल्ह्याचं नाव प्रत्येक पत्रात हातानं पुरं करावं लागायचं), आणि ही गाडी आली. गाडी चालायची, नाही असं नाही. पण तिचा नमदा पार मेलेला होता.

नमदा म्हणजे दाबून केलेला लोकरीचा जाड थर. घोड्याच्या खोगिराखाली घालतात तोच. गाडीत तो इंजिनाचा आवाज आणि धग अडवतो. आमच्या गाडीचा नमदा तेलानं चिप्प झालेला, उंदरांनी कुरतडलेला आणि मधोमध लोंबणारा. त्यामुळं गाडी सुरू केली की भरलेला ट्रक घाट चढतोय असं वाटायचं. साहेबांना त्याचं काही नव्हतं. मागच्या सीटवर ते बसल्या बसल्या झोपायचे.

आप्पा उदगीरकडचे, लिंगायत. घरचं किराणा दुकान होतं, भाऊ ते बघायचे. ह्यांनी तराजू सोडून स्टेअरिंग धरलं. कपाळावर विभूती, पांढऱ्या मिशा, आणि आवाज इतका बारीक की चहा मागितला तर हॉटेलवाल्याला दोनदा विचारावं लागे. बायको वारलेली, मूलबाळ नाही, एका खोलीत एकटेच. त्यांचा एक शब्द होता, "मेल्लगे". कानडीत हळू, सावकाश. गियर टाकताना मेल्लगे, दार लावताना मेल्लगे, शिपायानं खुर्ची ओढली तरी लांबून मेल्लगे. पोरं मुद्दाम फायली आपटायची आणि आप्पांच्या चेहऱ्याकडं बघून हसायची.

पण हे खूळ त्यांना आधीपासून नव्हतं. ते लागलं कोरेवाडीपासून, आणि तेव्हा मी गाडीतच होतो.

कोरेवाडीला टँकरचा वार ठरलेला नव्हता. टँकर येऊन विहिरीत पाणी ओतायचा आणि मग बायका उपसायच्या. आधी पोचली तिला पाणी, मागून आली तिला गाळ. म्हणून गावातल्या बाया दिवसभर कान देऊन बसलेल्या. चैत्रातली दुपार होती. आमची गाडी बोंबलत चढ चढली आणि टँकर आला म्हणून सगळ्या बाया घागरी घेऊन विहिरीकडं पळत सुटल्या. गाडी थांबली. उतरलो मी. माझ्या हातात रजिस्टर आणि समोर त्या रिकाम्या घागरी. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पण सगळ्या तशाच मागं फिरल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळ्यात मागून येत होती गयाबाई. आमच्या बौद्धांची वस्ती गावाबाहेर, तिचं घर वस्तीच्याही शेवटाला, त्यामुळं सगळ्यात लांबून पळायचं तिच्याच नशिबी. वय पासष्टच्या पुढं. चढावर तिचा पाय सरकला, घागर एकीकडं आणि ती एकीकडं. उजवं मनगट मोडलं. आप्पांनी तिला उचलून गाडीत घातलं आणि लातूरला दवाखान्यात नेलं. वाटेत म्हातारी कण्हण्याऐवजी आप्पांचीच समजूत काढत होती, तुझी काय चूक लेकरा म्हणून. पंचावन्न वर्षांचं ते लेकरू रडत गाडी चालवत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि मला म्हणाले, "सायब, ती म्हातारी पुन्यांदा आपल्या गाडीमागं पळली न्हाई पायजे. नमदा नीट करावा लागतो."

कोरेवाडीची पुढची पाहणी महिन्यानं होती. म्हणजे हातात महिना.

आधी रीतसर मार्ग धरला. नव्या नमद्याची मागणी मीच लिहिली. वरून विचारणा आली की सदर वस्तूची टंचाईच्या काळात निकड काय. मी लिहिलं, वाहनाच्या आवाजामुळं ग्रामस्थांना टँकरचा भास होतो. उत्तर आलं की भास ही बाब या शाखेच्या कक्षेत येत नाही. ते पत्र मी आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, चला, म्हणजे आपल्यालाच करावं लागतंय.

मग एका रविवारी त्यांनी घाईघाईत लोंबणारा नमदा वर दाबला, सोल्युशन फासलं आणि बॉनेट लावून टाकलं. सोमवारी साहेब दौऱ्यावर निघाले. औशाच्या रस्त्याला नमदा सुटून थेट तापलेल्या इंजिनावर पडला. लोकर जळायला लागली की काय वास सुटतो, ते ज्यानं बकऱ्याचं मुंडकं भाजलेलं बघितलंय त्यालाच माहीत. रस्त्याकडंच्या गावातली माणसं जमा झाली आणि कंदुरी कुणाची म्हणून विचारायला लागली. दुष्काळात कुणीतरी बकरं कापलं, ह्याचंच त्यांना अप्रूप. साहेब जन्मात पहिल्यांदा गाडीत जागे झाले. ऑफिसात परतल्यावर त्यांनी मला बोलावून हुकूम लिहायला सांगितला, नमदा तात्काळ काढून फेकावा, पेट घेण्याचा धोका आहे.

साहेबांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. तेल प्यायलेला नमदा पेट घेतोच. पण आप्पा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. मी हुकूम लिहिला आणि जुन्या पेंडिंग फायलींच्या तळाशी सारला. असली कामं मी एरवी आळसानं करायचो, त्या दिवशी जाणूनबुजून केली. आप्पांना म्हटलं, एक रविवार देतो, पुढं मला विचारू नका.

तो रविवार मीही त्यांच्याबरोबर घालवला. बायको म्हणाली, सुट्टीच्या दिवशी गाडीच्या गोधडीला काय टाके घालता, घरच्या फाटल्यात त्यांना घाला. तिचंही खरंच होतं.

नमदा उतरवून आप्पांनी ऑफिसमागच्या फरशीवर पसरला. आधी उन्हात तापवला, मग वेताच्या छडीनं हलके हलके झोडपला. उंदराच्या लेंड्या, वाळकी पानं, एक विडीचं थोटूक, काय काय निघालं. मग तेलाचा प्रश्न. धुवायचा तर पाणी कुठलं आणणार. आप्पांनी डाळ मिलमधून जमिनीवरची झाडलोट पोत्यात भरून आणली होती. चुनी नव्हे बरं का, चुनी जनावरं खातात, त्या वर्षी तिला हात लावणं पाप. ही नुसती पिवळी धूळ. ती नमद्यावर पसरली, वर फळी, फळीवर दगड. तासाभरानं फळी काढली तर धूळ काळी होऊन तेल पिऊन बसलेली. ती ब्रशानं झाडायची, पुन्हा नवी पसरायची. असं पाच वेळा केलं. मला शिंकून शिंकून नाकात जीव नव्हता, आणि प्रत्येक शिंकेला आप्पा मेल्लगे म्हणत होते.

शेवटी रिठ्याच्या पाण्यात फडकं पिळून नमदा पुसला. एक तांब्या पाणी लागलं. ते त्यांच्या आंघोळीतलं होतं, त्यांनी तसं सांगितलं नाही, पण दिवसभर जवळ बसलो होतो, मला कळलं. जळालेला भाग कापून तिथं एका टांगेवाल्याकडून आणलेला खोगिराचा तुकडा लावला. दाभणानं बारीक टाके घातले, वाकळीला घालतात तसे. बॉनेटचा पत्रा घासून, तेलाचा हात नाहीसा होईपर्यंत पुसला. मागच्या वेळी चुकलं ते इथं, तेलकट पत्र्यावर सोल्युशन धरत नसतं. मग चिकटवला, डब्याच्या पत्र्याच्या गोल चकत्या कापून जागोजाग अडकवला, आणि दिवस मावळला तरी बॉनेट उघडंच ठेवून ते त्याखाली बसून राहिले. सोमवारी साहेबांना गाडी पाहिजे होती. मी सांगितलं, बॅटरी उतरली आहे. नोकरीतलं हे माझं एकमेव मोठं खोटं, बाकीची सगळी किरकोळ.

मंगळवारी गाडी सुरू केली तेव्हा मी शेजारीच बसलेलो, तरी मला वाकून विचारावं लागलं, सुरू झाली का. आप्पांनी मान हलवली. त्यांना हसताना मी तेव्हा प्रथम बघितलं. इंजिनाला हात लावत, नमद्याचा वास घेत त्यांनी दोन दिवस गाडी तापवून बघितली. धूर नाही, वास नाही. मग कोरेवाडी आली.

चढाला त्यांनी दुसरा गियर टाकला आणि गाडी अक्षरशः सरकत वर गेली. कुणी पळालं नाही. विहिरीपाशी एक कुत्रं झोपलं होतं, त्यानं मानसुद्धा वर केली नाही. आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माझं रजिस्टरचं काम उरकल्यावर ते मला वस्तीकडं घेऊन गेले. गयाबाई दारात बसली होती, मनगट वाकडंच जुळलेलं. आम्हाला बघून दचकली.

"कवा आलाव? कळलंबी न्हाई," ती म्हणाली.

आप्पांनी मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं. नमदा, धूळ, टाके, चकत्या. आता गाडीचा आवाज येणार न्हाई मावशी, तुम्हाला पळायचं काम न्हाई. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "बरं केलंस लेकरा. पन आवाज आला की पानी आलं वाटायचं बघ. तेवढं घटकाभर बरं वाटायचं."

महिनाभर खपून आपण त्या गावाचं उरलंसुरलंही काढून घेतलं, असं आप्पांच्या मनानं घेतलं.

पुढच्या फेरीला डिकीत झाकणाचा दुधाचा कॅन होता, काठोकाठ भरलेला. मी विचारलं, पाणी कुठलं. म्हणाले, "माझ्या खोलीतलं. तिथं प्यायला दुसरं हाय कोण, सायब?" मी हिशोब केला. त्यांच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा यायचा.

वस्तीवर पोचल्यावर त्यांनी कॅन गयाबाईच्या रांजणात उपडा केला. तिनं विचारलं, कुणी धाडलं. आप्पा म्हणाले, सरकारनं. टंचाई शाखेचा कारकून शेजारी उभा होता, त्यानं मान डोलावली.

म्हातारीला काय करू न काय नको झालं. दारात माणूस आलं तर आधी पाणी द्यायचं, एवढी एकच रीत तिच्याकडं उरलेली, आणि कित्येक दिवसांत तीही जमली नव्हती. तिनं रांजणातून तांब्या भरला आणि डाव्या हातानं आप्पांपुढं धरला. आप्पांनी हात मागं घेतला. नको मावशी, तहान न्हाई. एक तांब्या म्हणजे तिचा अर्धा दिवस, हे त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं. पण तिला दिसली ती त्यांच्या कपाळावरची विभूती. गावातली माणसं वस्तीतल्या घरचं पाणी पीत नाहीत, हे तिनं जन्मभर बघितलेलं, मीही बघितलेलं. तिचा हात खाली यायला लागला.

"हां, तुमचं चालत नसंल. माझ्या ध्यानातच आलं न्हाई," ती म्हणाली.

पाणी माझंच हाय, तुझ्यासाठी आणलंय, असं सांगायची सोय आप्पांनी स्वतःच घालवली होती. त्यांनी पुढं होऊन तिच्या हातातला तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग मिशा पुसून तांब्या पुन्हा तिच्यापुढं केला आणि आपल्या त्या बारीक आवाजात म्हणाले, "अजून घोटभर दे, मावशी."