कोंबडीचं जाकीट

एकतीस वर्षं मी टेलरिंग करतोय, आणि माझ्या हातचा एकही कपडा आजवर आल्टरला परत आलेला नाही! एकही नाही! लोकांच्या ढेऱ्या सुटल्या, ओसरल्या, पण माझ्या फिटिंगला कुणी नाव ठेवलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं सगळं तुम्ही योग्य त्या आदराने वाचाल.

तर झालं काय, बायको चार दिवस बहिणीकडे निघाली. घराच्या मागच्या अंगणात तिच्या सात कोंबड्या. निघताना दारातच तिने मला बजावलं, "अहो, दुकानात काय हवा तो घोळ घाला, पण माझ्या धाकटीला जपा. रोज अंडं देते बिचारी. तिला काही झालं ना, तर मी आल्या पावली बहिणीकडे परत जाईन!"

धाकटी म्हणजे तिची लाडकी, तांबूस रंगाची. धाकटीची थोरली बहीणही तशीच तांबूस, पण ती अंड्याबिंड्याच्या भानगडीत पडत नाही, नुसती खाते. बायको दोघींना लांबून ओळखते. मला कशा ओळखू येणार? माझ्या नजरेला दोघींचं माप एकच!

दुसऱ्या दिवशी सकाळी मागे एकच कल्ला! धावत गेलो, तर कुंपणाच्या फटीतून एक भटकं कुत्रं पळत होतं, अंगणभर पिसांचा सडा, आणि कोपऱ्यात एक तांबूस कोंबडी थरथरत बसलेली. पाठीवर रक्त! सात कोंबड्यांत त्या मेल्या कुत्र्याला नेमकी धाकटीच सापडावी?

तिला उचलली ती थेट दुकानात, कटिंगच्या टेबलावर. तिथे पोचल्यावर मात्र जिवात जीव आला. आमच्या धंद्याचा नियम आहे : आधी खूण, मग काम. मी रक्ताच्या डागाभोवती खडूने गोल काढला. कोमट मिठाच्या पाण्यात फडकं भिजवून गोलाच्या आत हलकेच पुसलं. दोनदा पुसलं आणि रक्त बंद! जखम काही दिसेना, पण खूण असताना जखम शोधत कोण बसतो? गोल भरून मलम थापलं.

तेवढ्यात शेजारच्या सिस्टर आल्या. तीस वर्षं हॉस्पिटलात काढून रिटायर झालेल्या बाई.

"मास्तर, रेशमी दोरा द्या पटकन. आणि तुमची ती कोंबडी..."

"शू! सिस्टर, पेशंट टेबलावर आहे!" मी त्यांना वाक्यही पुरं करू दिलं नाही. अख्खं रीळच हातात ठेवलं आणि बोळवण केली.

आता, कोंबडीची जखम उघडी राहिली की बाकीच्या तिला टोचून टोचून हैराण करतात. म्हणजे जखम झाकणं आलं. कशाने? अहो, टेलरला विचारता? टेप काढला, छाती-कंबर-पाठ मापली. सुटाच्या करड्या तुकड्यातून जाकीट बेतलं, आतून सॅटिनचं अस्तर, पोटाखाली चार बटणं. ट्रायल घेतली. खांद्यात एक सुरकुती नाही! दूधवाला सायकल भिंतीला टेकवून बघतच राहिला.

"मास्तर, माझ्या लग्नातला कोटसुद्धा मला असा बसला नव्हता हो!"

"कुणाकडे शिवला होता?"

"तुमच्याकडेच!"

असो. पेशंटची प्रकृती झपाट्याने सुधारली. भूक तर अशी, की मूठभर दाणे टाकले की पसाभर मागायची. अंडं मात्र देईना. मी म्हटलं, धक्का बसलाय बिचारीला, सवड द्या.

तिसऱ्या दिवशी सिस्टर भिंतीवरून डोकावल्या. "मास्तर, तुमच्या कोंबडीला आता..."

"ठणठणीत आहे! सिस्टर, जखम टाक्यांनी नाही, फिटिंगने भरते. लिहून ठेवा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जाकिटाकडे पाहिलं आणि आत गेल्या. मला वाईट वाटलं. तीस वर्षांत बाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

बायको आली. मी कोंबडीला टेबलावर उभं करून सगळी हकीकत सांगितली आणि शाबासकीची वाट पाहत राहिलो.

"ही कोण?" बायको म्हणाली.

"धाकटी!"

"अहो, ही थोरली आहे!" तिने भराभर चारही बटणं काढली, पिसं उलटीसुलटी करून पाहिली. ओरखडासुद्धा नाही!

"बघ, व्रणही राहिला नाही!" मी म्हटलं.

"व्रण राहायला आधी जखम लागते! माझी धाकटी कुठाय?"

ती मागे धावली. अंगणात पाच कोंबड्या. माझी पेशंट सहावी. मी मापं घेतली होती, मोजल्या मात्र नव्हत्या! बायको पायरीवर मटकन बसली. ओरडली असती तर परवडलं असतं, पण तिचे डोळे भरून आले होते. "चुकलं गं माझं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मास्तर, आता तरी बोलू का?" भिंतीवरून आवाज आला. सिस्टरांच्या हातात टोपली, आणि टोपलीत धाकटी! "त्याच सकाळी भिंत ओलांडून माझ्याकडे आली. पाठीला पाच टाके पडले. तुमच्याच दोऱ्याचे, उकळून घेतला होता. थोरली हिला खेटून बसली असणार, तेच रक्त तुम्ही पुसलंत. दोनदा सांगायला आले, तर दोन्ही वेळा तुम्ही मलाच नर्सिंग शिकवलंत."

बायकोने धाकटीला छातीशी धरलं. रडू आणि हसू एकदमच! मी टाके बघून घेतले. सरळ रेषेत, एकसारखे. आमच्या धंद्यात असा हात मिळणं कठीण.

"आता हिला बाकीच्यांत सोडायचं, तर जखम झाकायला काहीतरी हवं," सिस्टर म्हणाल्या.

माझी छाती पुन्हा फुगली. "आहे ना!"

जाकीट चढवलं, बटणं लावली, ऐटीत हात सोडला. धाकटी दोन पावलं चालली आणि सरळ जाकिटातून बाहेर आली! जाकीट मागेच राहिलं.

बायकोने ते उचललं, झटकलं आणि माझ्या हातात दिलं. "कमरेत इंचभर आत घ्या. संध्याकाळपर्यंत हवंय."

तर मंडळी, पहिल्या ओळीत मी 'एकही नाही' म्हटलंय ना, तिथे कृपया 'एकच' असं वाचा.