सुखदेवदादा आणि ताटाची शेपटी

माझ्या थोरल्या चुलतभावाला मी होणाऱ्या व्याह्यांसमोर गप्प बसवलं. तेही चांगलं मोठ्यानं. चूक सर्वस्वी माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे दादाच्या तऱ्हा वाचताना मीच शहाणा होतो असं वाटायचं.

सुखदेवदादा देऊळघाटला असतो. शेती करतो, साठी ओलांडलीय. त्याला कशाचीही किंमत सांगा, तो डोळे बारीक करून विचारणार, "हे झालं. आता शेपटी किती?" शेपटी म्हणजे सांगितलेल्या किमतीमागून गुपचूप येणारा खर्च. न्हाव्याला विचारतो, मोबाइलवाल्याला विचारतो. एकदा डॉक्टरांनी फी सांगितली, तर हा तपासायला काढलेला सदरा हातात धरून उघडाच उभा. "शेपटी सांगा, मंग घालतो." एसटीच्या कंडक्टरलाही विचारलं. तो म्हणाला, "बाबा, मले शेपटीबी नाही अन् शिंगबी नाहीत. तिकीट घ्या." दादा चिडत नाही. म्हणतो, "इचारून पाह्यलं बे. इचारायचे का पैसे लागते?"

माझ्या मुलीचं, प्रज्ञाचं लग्न ठरलं. चिखलीतला एक हॉल पसंत पडला. मी शाळामास्तर; ताटाचा दर घेतला, माणसांच्या संख्येनं गुणला आणि अंदाजपत्रक झालं म्हणून मोकळा झालो. वाढण्याचे वेगळे पैसे पडतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या भावकीत लग्नाला घरचीच माणसं वाढतात; त्याचे पैसे कधी कुणी घेतलेच नव्हते.

हॉल पक्का करायला अकोल्याहून व्याही आले. मी दादालाही बोलावलं. मॅनेजरनं दर सांगितला आणि दादानं डोळे बारीक केले.

"शेपटी?"

मॅनेजर हसला. "काका, सर्व्हिस चार्ज दहा टक्के, अन् जीएसटी अठरा."

"अठरा कायच्यावर? निसत्या ताटावर का दोन्हीवर?"

"दोन्हीवर."

"म्हंजे शंभराचे एकशे दहा, अन् त्याच्यावर अठरा टक्के. एकशे तीसच झाले न! अन् हे सर्व्हिस म्हंजे काय?"

"आमची पोरं वाढतात न, काका."

"वाढायचे पैसे? काऊन? आमी मेलो का?"

व्याह्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि त्यात बघू लागले. माझे कान तापले.

"दादा, तुले यातलं काही समजत नाही," मी म्हणालो. "दोन पैशांसाठी माझी इज्जत घालवू नको. गप बस."

दादा "बरं" म्हणाला. चहा आला, तो त्यानं घेतला नाही. जीप मिळेल म्हणून लवकर उठून गेला.

घरी मांडून पाहिलं तर दादाचा हिशेब बरोबर होता. माझं अंदाजपत्रक जवळजवळ तीस टक्क्यांनी तोकडं पडत होतं. दादाचा फोन लागत होता, पण तो उचलत नव्हता. शेवटी बायकोनं लावला तेव्हा उचलला. तिला म्हणाला, "लग्नाले येईन न मी. खुर्चीवर बसीन, जेवीन, वापस येईन."

मी पुन्हा मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, "टॅक्स माझ्या हातात नाही, गुरुजी. पण तुमची माणसं वाढत असतील तर सर्व्हिस चार्ज काढतो." तो चार्ज निघाला की त्याच्यावरचा टॅक्सही आपोआप गेला. एकशे तीसचे एकशे अठरा झाले.

ही आनंदाची बातमी घेऊन मी देऊळघाट गाठलं. वहिनी गेल्यापासून दादा एकटाच असतो, मूलबाळ नाही. ओट्यावर शेंगा फोडत बसला होता. मी म्हणालो, "दादा, तुझंच खरं. बारा रुपये वाचले शंभरामागं."

"पैशाचं कोन बोलते?" तो शेंगा फोडतच राहिला. "हे पाह्य, माह्या घरी लगन निंघायचं नाही. मी दुसऱ्याच्या लग्नात वाढतो. बादली हातात असली का लोक हाक मारतात, सुखदेव इकडं ये, सुखदेव वरण आन. कोनी थट्टा करते, कोनी तब्येत इचारते. खुर्चीवर बसलो का कोन बोलते माह्याशी?"

त्यानं चार शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. त्या तशाच मुठीत धरून मी दुसऱ्या हातानं व्याह्यांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"साहेब, लग्नात वाढायची सगळी जबाबदारी आमच्या सुखदेवदादाकडे आहे. त्यानं हो म्हटलं तर. आणि त्या दिवशी तुमच्यासमोर मी त्याला जे बोललो ते चुकीचं होतं. तुम्ही ऐकताय म्हणून आत्ताच सांगतो." मग मी दादाकडे वळलो. "दादा, चुकलो मी. चार माणसांत तुले खाली पाहायले लावलं. माफ कर मले."