एक कोफ्ता, तपासणीसाठी

दर बुधवारी संध्याकाळी साडेपाचला माझ्या दाराची बेल दोनदा वाजते. दार उघडलं की समोर मुलाणी उभे असतात. हातात स्टीलची वाटी, वाटीत एकच कोफ्ता आणि वाटीच्या कडेला कपड्याच्या चिमट्याने लावलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, समजा, ‘लॉट एकोणीस. नग एक. तपासणीसाठी.’

दुसरा कोफ्ता कधीच नसतो.

"तपासा," एवढं म्हणून ते उंबऱ्याबाहेर उभे राहतात. आत या म्हटलं तर येत नाहीत. तपासणी चालू असताना माल करणाऱ्याने आत यायचं नसतं म्हणे. मी घास तोंडात घालते आणि ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात. बाईच्या तोंडाकडे असं बघू नये, हे मी त्यांना एकदा स्पष्ट सांगितलं.

"मी बाईकडे बघत नाही अक्का, निकालाकडे बघतोय," ते म्हणाले.

मुलाणी माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. धायरीतली ही इमारत आमच्याच शेतावर उभी आहे. त्या बदल्यात मला हे तीन खोल्यांचं घर मिळालं आणि समोर मुलाणी मिळाले. आमच्या गावात बोकड कापायला मुलाणीच लागायचा, तेव्हा त्यांच्या हातचं खायला मला अडचण कधीच नव्हती. अडचण माझ्या जिभेची आहे. इमारतीच्या वास्तुशांतीला चेअरमनबाईंनी पुरणपोळी वाढली आणि कशी झाली विचारलं. मी म्हणाले, चप्पल शिवता येईल. त्यांनी विचारलं म्हणून मी सांगितलं. तेव्हापासून या इमारतीत कोणी माझ्याकडे चव घ्यायला काही पाठवत नाही. कोणाकडे नवा पदार्थ झाला की वाट्या चारी मजल्यांवर जातात आणि माझ्या दारावरून पुढे जातात.

मग मुलाणीच का येतात, याचं मला फार कुतूहल होतं.

हा माणूस खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला होता. आलेल्या मालातून नमुना काढायचा, तपासायचा, पास किंवा नापास लिहायचं. दारूगोळ्यातून निघून माणूस खिम्याच्या गोळ्यांवर आला, यावर इमारतीतल्या पोरांचे सगळे विनोद करून झाले आहेत. मी नवा करत नाही. पण सवय गेली नाही हे खरं. भाजीवाला मटार घेऊन आला की मुलाणी दहा शेंगा सोलून दाणे बघणार, मग पिशवी पुढे करणार. नव्या लिफ्टची पूजा झाली, नारळ फुटला, सगळे हौसेने आत शिरले. मुलाणी जिन्याने वर आले.

"अहो, पूजा झाली की!" चेअरमन म्हणाले.

"पूजा झाली. तपासणी कुठे झाली?"

तिसऱ्या दिवशी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत चेअरमनच होते. मुलाणी जिन्यावर खुर्ची टाकून, ते बाहेर येईपर्यंत बसून राहिले.

त्यांची बायको जुबेदाभाभी अगदी उलट. त्या बाईने जन्मात कशाला वाईट म्हटलं नाही. माझ्या हातची करपलेली आमटी खाऊन "खमंग झालीये" म्हणाल्या होत्या. असल्या माणसाचं काय करायचं? त्यांच्या हातचे कोफ्ते मात्र ईदेला इमारतभर जायचे, आणि माझ्या दारावरही थांबायचे.

मग भाभींना साखर निघाली, आणि चांगली वर चढलेली निघाली. डॉक्टरने भात, भाकरी, पोळी, पाव, बटाटा, सगळं काढून घेतलं. रोज रात्रीच्या जेवणाआधी इंजेक्शन. ते टोचलं की पोटभर जेवायचंच, नाहीतर साखर एकदम उतरते आणि माणूस कोसळतो. जन्मभर भाकरी कुस्करून खाल्लेल्या बाईच्या ताटातून भाकरीच गेल्यावर तिने बघायचं काय? भाभी दोन घास खाऊन ताट सरकवायला लागल्या. एकदा न्हाणीच्या दारात पडल्या. डॉक्टर म्हणाला, यांच्या पोटात रोज वेळेवर नीट जेवण गेलं पाहिजे, बाकी माझ्या हातात काही नाही.

त्यात भाभींच्या बोटांची जाणीव गेलेली. एकदा गरम तव्याला हात लागला तो त्यांना कळलाच नाही. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा कळलं. मुलाणी शेजारीच उभे होते, त्यांना वासही आला नाही. मी मनात म्हटलं, काय हा पुरुष, बायको भाजतेय तरी लक्ष नाही. तेव्हापासून भाभींना गॅसपाशी जायला बंदी झाली आणि स्वयंपाक मुलाण्यांच्या गळ्यात पडला.

मुलगी नसरीन हडपसरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. शनिवार-रविवारी ती येऊन करून घालायची. मधल्या वारांसाठी तिने बापाला स्लो कुकर आणून दिला. म्हणजे विजेवर चालणारं जड भांडं, वर काचेचं झाकण. सकाळी सगळं कच्चं घालून बटण फिरवायचं, ते मंद मंद शिजत संध्याकाळी तयार. ढवळायचं नाही, बघायचं नाही. मुलाण्यांनी आधी तीन दिवस त्याचं पुस्तक वाचलं. मग नुसतं पाणी घालून सात तास चाचणी घेतली. त्या दिवशी भाभींना उकडलेली अंडी मिळाली.

मला ते भांडं बघायचं होतं, म्हणून गेले. झाकणावर कागद चिकटवला होता, ‘उघडू नये.’ मी उघडलं.

"अक्का!" मुलाणी ओरडले. "अर्धा तास वाया घालवलात. सगळी वाफ गेली."

"आमच्या चुलीवरचं झाकण आम्ही दहादा उघडायचो. काही बिघडलं नाही."

"तुमच्या चुलीबरोबर पुस्तक आलं नव्हतं."

आत कोफ्ते होते. कोफ्त्याला मिळून यायला पाव लागतो, नाहीतर भाजकं डाळं. दोन्ही भाभींना बंद. म्हणून मुलाण्यांनी खिम्यात अंडं आणि जवसाची पूड घातली होती. प्रत्येक कोफ्ता काट्यावर तोलून तीस ग्रॅमचा. एकतीस भरला की चिमूटभर काढून घेणार. खाली टोमॅटो आणि दह्याचा रस्सा. एवढी मेहनत करून संध्याकाळी झाकण काढलं तेव्हा आत एकही कोफ्ता नव्हता. सगळे विरघळले होते. त्या दिवशी पहिली वाटी माझ्या दारात आली. लॉट एक.

"हे खिम्याचं सूप आहे," मी म्हणाले.

"नापास?"

"नापास कसलं, हे परीक्षेलाच बसलं नाही."

मला वाटलं, रागावतील. त्यांनी खिशातून पेन काढून ते शब्द चिठ्ठीवर लिहून घेतले आणि आभार मानून गेले.

तेव्हापासून बुधवार ठरला. बाकीच्या दिवशी कोंबडी, अंडी, पालक, काहीही चालायचं. बुधवारी कोफ्ता. लॉट चार रबरासारखा होता. लॉट सातमध्ये हळद कच्ची. लॉट नऊमध्ये मीठच नव्हतं.

"मोजून घेतलं होतं," मुलाणी म्हणाले.

"मग घेतलंच असेल. घातलं नसेल."

ते घरी जाऊन परत आले. हातात मिठाची वाटी, भरलेली. "ओट्यावरच राहिलं होतं," म्हणाले.

"मुलाणी, एक बोट चाटून बघितलं असतं तर कळलं असतं. तुम्ही स्वतः का चाखत नाही?"

"करणारा आणि तपासणारा एक नसावा अक्का. हा पहिला नियम."

उत्तर बरोबर वाटलं, पण पटलं नाही. मी भाभींकडे विषय काढला. त्या पलंगावर बसून लसूण सोलत होत्या, बोटांकडे डोळे लावून, कारण बोटांना काही कळत नाही. "तुम्ही नापास करता ना, मग ते आठवडाभर कामात असतात," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून त्यांना काही मिळत नाही. मी सगळ्यालाच चांगलं म्हणते."

"का म्हणता?"

"एवढं करतात, समोर बसून बघतात. नाव कसं ठेवायचं?"

हळूहळू कोफ्ते जमायला लागले. फुटेनात, दाताखाली मऊ यायला लागले. भाभी चार चार खायला लागल्या. पंधराव्या लॉटला मी "पास" म्हणाले, तेव्हा मुलाण्यांनी चिठ्ठीवर माझी सही मागितली. चौथीनंतर मी फार सह्या केलेल्या नाहीत, पण केली.

मग भाभींना ताप आला आणि चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या मंगळवारी घरी आल्या. बुधवारी साडेपाचला बेल वाजली, दोनदा. मुलाण्यांची दाढी वाढलेली, शर्टाचं बटण वरचं खालच्यात. चिठ्ठी मात्र होती. लॉट तेवीस.

कोफ्ता तोंडात घातला आणि कळलं, जवस खवट झालंय. पूड करून ठेवली की जवस लवकर खवटतं, आणि खवटलं की वाटी तोंडाजवळ नेतानाच नाकाला कळतं. सांगायला पाहिजे होतं. आयुष्यभर सांगत आले. पण त्या माणसाकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "पास."

जन्मात एकदा मी गोड बोलले, ते असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली नसरीनची स्कूटर उभी दिसली. थोड्या वेळाने बेल वाजली, एकदाच. मुलाणी वाटीशिवाय आले होते.

"काल तिने चारही कोफ्ते खाल्ले," ते म्हणाले. "मग सगळं उलटून पडलं. इंजेक्शन आधीच घेतलं होतं. साखर उतरली. दातखीळ बसली होती, नशीब, नसरीन रात्री आईला बघायला आली होती, तिने ओठांच्या आत मध चोळला. आता बरी आहे." मग त्यांनी विचारलं, "अक्का, खवट होता?"

"होता."

"तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग पास कसा केलात?"

"तुमचं तोंड बघितलं."

"मी तोंड तपासायला दिलं नव्हतं," मुलाणी म्हणाले. "कोफ्ता दिला होता."

मलाही राग आला होता, स्वतःचा, आणि तो मी त्यांच्यावर काढला. "तुमचं नाक काय झालं होतं? एवढा खवट वास येत होता!"

तेव्हा ते पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आले आणि खुर्चीवर बसले.

"नाक नाही अक्का. त्या साथीत ताप आला होता ना, तेव्हा वास गेला आणि चवही गेली. सगळ्यांची परत आली, माझी आली नाही. मीठ आणि साखर मला सारखीच. घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला ओट्यापाशी उभं राहू दिलं नसतं, स्वतः गॅसपाशी गेली असती."

भाभींचा हात भाजला तेव्हा त्यांना वास का आला नाही, ते मला आत्ता कळलं. एकाची जीभ गेलेली, एकीची बोटं, आणि मधे ते विजेचं भांडं.

"मग बाकी काहीही घाला ना खायला," मी म्हणाले. "कोफ्त्याचाच हट्ट कशाला?"

"कारखान्यात प्रत्येक मालाचा एक मूळ नमुना सीलबंद ठेवलेला असायचा. नवा माल त्याच्याशी ताडून बघायचा. तिच्या कोफ्त्याचा मूळ नमुना कुठे आहे? मला चव नाही. नसरीन आईच्या कौतुकाने बोलते. तिची आई तर सगळ्यालाच चांगलं म्हणते. पण एका ईदेला तुम्ही तिचा कोफ्ता खाऊन म्हणाला होता, ‘यात नाव ठेवायला जागा नाही.’ तुम्ही असं कोणाला म्हणत नाही. मी तेव्हाच लक्षात ठेवलं होतं. आता तो नमुना फक्त तुमच्या जिभेवर आहे अक्का. तिच्या ताटातलं सगळं गेलं. तिचं स्वतःचं काहीतरी एक तिला परत द्यायचंय."

पुढच्या बुधवारी साडेपाचला बेल वाजली, दोनदा. लॉट चोवीस, ताजं जवस. मी सावकाश चावून खाल्ला.

"पास की नापास ते नंतर," मुलाणी म्हणाले. "तिच्या कोफ्त्याच्या जवळ आलाय?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी ‘नाही’ लिहून घेतलं. खरा निकाल मिळाला, तसा चेहरा एकदम निवळला. "काय कमी आहे?"

मी डोळे मिटून ती ईद आठवली. "खसखस. भाभी भाजून घालायच्या. तुम्ही कच्ची घातलीत."

"पण भाजली गेली हे ओळखायचं कसं? रंग तर बदलत नाही फारसा."

"वासावर ओळखतात."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी म्हणाले, "मी येते भाजायला."

"तपासणाऱ्याने कामात हात घालायचा नसतो."

"मग मी उंबऱ्याबाहेर उभी राहते. वास आला की सांगते. हे तर चालेल?"

हे चाललं. पुढच्या बुधवारी सकाळी मी त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभी, आणि आत मुलाणी कढईत खसखस परतताहेत, बारीक आचेवर.

"आता?" त्यांनी विचारलं.

"थांबा."

"आता?"

"थांबा म्हणते ना. उगाच घाई."

"उतरवा," आतल्या खोलीतून भाभींचा आवाज आला. "आता उतरवा. अजून ठेवलीत तर कडू होईल. आणि परवासारखं मीठ कमी घालू नका."

मुलाण्यांनी गॅस बंद केला. उलथनं हातात तसंच धरून ते माझ्याकडे बघायला लागले. मला तर अजून वास पोचलाही नव्हता.

"माझ्याकडे काय बघता?" मी म्हणाले. "तपासनीस आत आहे."

आणि मी माझ्या घरी आले.