उठणारा म्हातारा, कागद अठ्ठेचाळीस

पंपांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं नकाशे काढणारा माणूस एका सोमवारी अॅनिमेशनच्या प्राथमिक वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसला, तेव्हा मागच्या पोरांना वाटलं, हे फळा पुसायला आलेत. कारखाना बंद पडून आठ महिने झाले होते. भाड्याचं घर सोडून तो बायकोसह सासऱ्यांकडे राहायला आला होता, आणि पन्नाशीत घरजावई होण्यासारखं दुसरं दुःख नाही. सासरे बोलत काहीच नसत. जेवताना फक्त त्याच्या ताटाकडे पाहत.

वर्ग संपत आला की एका स्टुडिओचे साहेब परीक्षा घेणार होते आणि पहिल्या येणाऱ्याला नोकरी देणार होते. ती मिळाली की महिन्याभरात वेगळी खोली घ्यायची, असं नवरा-बायकोनं ठरवून टाकलं होतं. त्या खोलीबद्दलही दोघं कुजबुजतच बोलत, कारण भिंती सासऱ्यांच्या होत्या.

पहिला धडा उसळत्या चेंडूचा होता. एकामागून एक चित्रं भरभर दाखवली की चेंडू हलल्यासारखा दिसतो. त्याने कंपासने चोवीस कागदांवर चोवीस निर्दोष वर्तुळं काढून दिली.

"काका," मॅडम म्हणाल्या. त्या वयानं त्याच्या लेकीसारख्या होत्या. "चेंडू जमिनीवर आपटला की चेपला पाहिजे. वर जाताना लांबट झाला पाहिजे. नाहीतर तो लोखंडाचा वाटतो."

"चेपला तर गोल कसा राहील?"

"नाहीच राहणार."

"मग त्याला चेंडू कशाला म्हणायचं?"

मॅडमनी त्याचा कंपास उचलून आपल्या टेबलाच्या खणात ठेवला.

हळूहळू नियम त्याच्या डोक्यात शिरले. उडी मारण्याआधी माणूस खाली वाकतो, म्हणजे हालचालीची तयारी उलट दिशेनं होते. चित्रं जवळजवळ काढली की हालचाल संथ होते, लांब लांब काढली की जलद. अंग थांबलं तरी कपडे जरा उशिरा थांबतात. हे सगळं त्याने वहीत चौकटी आखून लिहून घेतलं. समजलं किती, ते त्यालाच ठाऊक.

परीक्षेचा विषय निघाला: खुर्चीतून उठणारा वजनदार म्हातारा. चार सेकंद, अठ्ठेचाळीस कागद, शनिवारपर्यंत. "मनानं काढू नका, खरा माणूस समोर ठेवून काढा," मॅडमनी बजावलं. घरात वजनदार म्हातारा एकच होता आणि खुर्चीही त्याचीच होती.

विचारायची जबाबदारी अर्थातच बायकोवर आली.

"बाबा, ह्यांना जरा उठून दाखवता का?"

"उठून जाऊ कुठं? घर माझं आहे."

"जायचं नाही हो. नुसतं उठायचं आणि परत बसायचं."

गुरुवारी सकाळी सुरुवात झाली. जावयाने आधी खुर्चीमागच्या भिंतीवर इंचाइंचाला पेन्सिलीच्या रेघा मारल्या, म्हणजे सासऱ्यांचा खांदा कुठे पोचला ते मोजता येईल. सासऱ्यांनी भिंतीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि ते खुर्चीत जाऊन बसले.

"उठा मामा. छान. आता जरा सावकाश. आता त्याच्या निम्म्या वेगानं."

सतराव्या वेळी सासरे अर्धे उठले आणि गुडघा अडकला. धड उभे नाहीत, धड बसलेले नाहीत.

"जावईबापू, मला धरा."

"हलू नका मामा! ही पोझ फार महत्त्वाची आहे."

"अहो, बाबांना धरा!" बायको आतून धावत आली.

"दोनच मिनिटं. चोविसावा कागद चाललाय."

दोन मिनिटं काही सासऱ्यांना दम निघाला नाही. ते धपकन खुर्चीत आदळले आणि खुर्चीची उशी मात्र नियमाप्रमाणे चेपली. डॉक्टरांनी रविवारपर्यंत उठबस बंद केली. बायकोनं नवऱ्याशी बोलणं बंद केलं, ते कधीपर्यंत हे सांगितलं नाही.

हातात अर्धा म्हातारा आणि पुढे एकच दिवस. पण नकाशेवाल्याला युक्ती सुचली. पंपाचा नकाशा अर्धाच काढला तरी चालतो. मधोमध रेघ मारायची, दुसरी बाजू पहिलीसारखीच. सव्वीस वर्षांत या युक्तीनं कधी दगा दिला नव्हता. मग त्याने चोविसाव्या कागदापासून पहिल्यापर्यंत तेच कागद उलट्या क्रमानं पुन्हा उतरवून काढले. अठ्ठेचाळीस भरले. ते एकदा भरभर उलटून बघावेत, हे काही त्याला सुचलं नाही. नकाशा कोणी उलटून बघतो का?

शनिवारी पडद्यावर म्हातारा आला. आधी मागे झुकला, मग पुढे आला, हातांवर भार देऊन अर्धा उठला, थांबला आणि परत खाली बसला. चित्रं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तो पुन्हा अर्धा उठला, पुन्हा बसला. पोरं पहिल्यांदा खूप हसली. पाचव्या वेळी कोणी हसेना.

"हा उठत का नाही?" साहेबांनी विचारलं.

"त्यांचा गुडघा..."

"विषय उठणाऱ्या म्हाताऱ्याचा होता. आणि असं अवघडून, थांबत थांबत कोणी उठतं का?"

नोकरी दुसऱ्या बाकावरच्या मुलीला मिळाली. तो कागदांचं भेंडोळं काखेत मारून पायीच घरी आला. त्याला रडू येत होतं, पण रडायला स्वतःची जागा नव्हती.

सगळं ऐकून सासऱ्यांनी कागद मागून घेतले. अंगठ्यानं सर्रकन उलटून पाहिले. एकदा, दोनदा, चारदा.

"असं कोणी उठत नाही म्हणाले?"

"हो."

"मग मी कोण आहे?" त्यांचा चेहरा लाल झाला. "परवा न्या मला तिकडं. बघतोच."

सोमवारी सासरे वर्गासमोर खुर्चीत बसले. जावयाच्या मनात पुन्हा आशा जागी झाली. आपली चित्रं खरी होती, हे एकदा मॅडमना दिसू दे, मग त्या साहेबांना सांगतील. सासरे मागे झुकले, पुढे आले, हातांवर भार दिला, अर्ध्यावर थांबले, कण्हले आणि उठले. सदऱ्याचा घेर मागाहून सावकाश खाली आला.

"बघा रे!" मॅडम ओरडल्याच. "सगळे नियम एका माणसात!"

त्यांनी तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला. जावयाने शर्टाची कॉलर सारखी केली.

"हो, हो, तेच. खरं होतं सगळं. घेऊ या ना? बरं, सांगते." मॅडमनी फोन ठेवला. "आजोबा, साहेब हो म्हणाले. आठवड्याचे तीन दिवस, मुलांना बघून काढता यावं म्हणून उठायचं आणि बसायचं. पक्की नोकरी."

"आणि हे?" सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं.

"काकांनी तुम्हाला आणून सोडावं."

दोघं घरी पोचले तेव्हा बायको दारातच उभी होती. चार दिवसांनी पहिल्यांदाच बोलली.

"मिळाली का हो?"

"मिळाली," सासरे म्हणाले.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जावई काही बोलणार, तोच ती इतक्या दिवसांची कुजबुज विसरून मोठ्यानं म्हणाली, "मग आजच खोली बघायला जाऊ या!"

"खोली कशाला?" सासरे खुर्चीकडे जात म्हणाले. "मी इथूनच जात जाईन की."