मेहुण्याचं होल्स्टर

माझा मेहुणा फौजदार झाल्याची बातमी आली तेव्हा मी नुसतं अभिनंदन करून गप्प बसलो असतो, तर आज घरात मान वर करून वावरलो असतो. पण मी म्हणालो, "होल्स्टर विकत घेऊ नकोस. मी करून देतो. हातानं!"

होल्स्टर म्हणजे पिस्तूल ठेवायचं कमरेचं चामडी पाकीट. (हे मलाही आदल्याच दिवशी एका व्हिडिओतून कळलं होतं.) अठरा वर्षं मी ऑफिसात कागदांना भोकं पाडतोय, चामड्याला पाडायला असं काय लागतं?

"तुम्ही?" बायको भाजी चिरत होती. ती डावखुरी आहे; डाव्या हातातली सुरी तिनं तशीच माझ्याकडे रोखली. "तुम्ही बसवलेला पडद्याचा दांडा अजून माझ्या डोक्यात पडतो."

ते मी मनावर घेतलं आणि गॅलरीत वर्कशॉप थाटलं. पाट, हातोडी, आरी, मेण लावलेला दोरा. विकत आणलेल्या चामड्याची शनिवारी संध्याकाळपर्यंत चाळण झाली. मेहुणा सोमवारी सकाळी ड्यूटीवर जाताना होल्स्टर न्यायला येणार होता आणि रविवारी दुकानं बंद.

इथून पुढचं मान खाली घालूनच सांगतो. कपाटाच्या वरच्या कप्प्यात बायकोची चामड्याची बॅग होती. तिला पहिली नोकरी लागली तेव्हा सासऱ्यांनी घेऊन दिलेली. सासरे आता नाहीत. बॅगेचा बंद तुटला होता, ती वापरत नव्हती. पण अधूनमधून तेल लावून पुसून ठेवायची. हे मी पाहिलं होतं. झाकणाच्या आतून सासऱ्यांनी शाईनं तिचं नाव लिहिलं होतं, तेही वाचलं. 'आतच राहील, कोणाला दिसतंय,' असं म्हणालो आणि रविवारी दुपारी ती मैत्रिणीकडे गेल्यावर कात्री चालवली.

शिवून झालं की चामडं ओलं करून पिस्तुलावर वाळवायचं, म्हणजे त्याला आकार येतो. आता घरात पिस्तूल कुठलं? बायकोचा हेअर ड्रायर दिसायला साधारण तसाच. तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत कोंबला.

सोमवारी मेहुणा आला, कडक इस्त्रीच्या गणवेशात. त्यानं पिस्तूल रिकामं करून होल्स्टरमध्ये ठेवलं. ते आत खुळखुळलं. मग त्यानं होल्स्टर कमरेला उजवीकडे लावून पाहिलं.

"भावोजी, मूठ पुढे आली. हे डावखुऱ्याचं झालंय."

चामड्याच्या आतल्या बाजूवर आखताना नमुन्याचा कागद उलटा ठेवायचा असतो, नाहीतर उजव्याचं डावं होतं. हे व्हिडिओच्या शेवटी सांगतात. मी शेवटपर्यंत पाहिला नव्हता.

"असू दे, करीन सवय," तो बिचारा म्हणाला. पिस्तूल काढून त्यानं आत डोकावलं आणि एकदम गंभीर झाला. "ताई, यात तुझं नाव आहे." पुन्हा आत डोकावून म्हणाला, "बाबांचं अक्षर."

बायकोनं होल्स्टर हातात घेतलं, खिडकीपाशी नेऊन वाचलं. ती ओरडली असती तर परवडलं असतं.

"एकदा विचारायचं तरी," ती हळूच म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," मी म्हणालो. (काही वाक्यं तोंडातून निघाल्यावरच आपल्याला नीट ऐकू येतात.) मेहुणा बुटांकडे बघत राहिला. मला खरंच लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

मेहुण्यानं होल्स्टर बाजारातून घेतलं. उरलेली बॅग बायकोनं कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली तिच्याकडे असते. माझं होल्स्टर आरशाशेजारी खिळ्याला टांगलंय. (खिळा तिनंच ठोकला.) ड्रायर त्यात फिट्ट बसतो आणि डाव्या हातानं एका झटक्यात निघतो. रोज सकाळी ती तो उपसते, आत लिहिलेलं नाव बघते आणि मग माझ्याकडे बघते.

काल शेजारीण त्याचं कौतुक करत होती. बायको म्हणाली, "लग्नाला सोळा वर्षं झाली. माझ्या मापाची यांच्या हातून झालेली ही पहिली वस्तू. तीही चुकून."