कै. आमदारांचं बाकांचं विधेयक

आमदारांची बायको गेली हे सभागृहाला कळलं, त्या दिवशी सभागृहाने आमदारांनाच श्रद्धांजली वाहिली!

तसं तिला जाऊन महिना झाला होता. पण अधिवेशन बंद होतं आणि आमदारांनी कुणाला सांगितलं नव्हतं. लपवायचं होतं असं नाही. कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती. लागोपाठ निवडून आलेला हा माणूस सभागृहात आजवर एक शब्द बोलला नव्हता! प्रचाराची भाषणंसुद्धा बायको करायची. ती बोलायची, हे शेजारी हात जोडून उभे राहायचे. लोक म्हणायचे, "आमदार कधी थापा मारत नाहीत बुवा!" मारणार कशा?

मतदान मात्र नेमाने. पक्षाचे प्रतोद, म्हणजे कुणी कोणतं बटण दाबायचं ते ठरवणारे गृहस्थ, पुढच्या रांगेतून हात वर करायचे. अंगठा वर असला की हिरवं बटण, खाली असला की लाल. आमदारांनी एकदाच अंगठा मोडला. संध्याकाळचे सरकारी दवाखाने बंद करायचा ठराव होता, अंगठा वर होता. पण सकाळी बायकोने दारात अडवून बजावलं होतं, "अहो, आज लाल. हिरवं दाबलंत तर रात्री जेवायला प्रतोदांकडेच जा!" आमदारांनी लाल दाबलं आणि ठराव एका मताने पडला. शिक्षा म्हणून त्यांची जागा शेवटच्या रांगेत, जाडजूड खांबामागे गेली. तेव्हापासून प्रतोदांना आमदारांचा चेहरा दिसला नव्हता, आणि आमदारांना प्रतोदांचा नुसता अंगठा दिसत होता.

ह्या खांबामागून त्यांनी एक विधेयक आणलं होतं. तेही बायकोचंच. ती शिवणकाम करायची. दुकानाच्या परवान्यासाठी कचेरीत सबंध दिवस उभी राहून आली, गुडघ्यांना तेल चोळत बसली आणि म्हणाली, "कचेरीत साहेब बसलेले, कारकून बसलेले, फायलीसुद्धा बसलेल्या. उभं कोण? ज्याचं काम आहे तो!" तेव्हा विधेयक असं होतं, की जिथे जिथे सरकारी खिडकी, तिथे तिथे लोकांना बसायला बाक. बस, एवढंच! पण दर अधिवेशनात ते मागे पडायचं. "बसायला दिलं की लोक उठणारच नाहीत!" असं सदस्य स्वतः बाकांवर बसून, बाकं वाजवून सांगायचे.

आज शेवटच्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. आज विधेयक झालं तर झालं, नाहीतर सभागृहाची मुदत संपली की तेही संपलं. आणि आमदारांनी बायकोला शब्द दिला होता, "ह्या वेळी मी स्वतः बोलेन." ती दुखण्यातही हसली होती. "बघू या," म्हणाली होती.

"अक्का, आज छत हादरवतो की नाही बघ!" सकाळी आरशासमोर उभं राहून आमदारांनी थोरल्या बहिणीला सांगितलं. विधेयक दुपारी येणार होतं, म्हणून सकाळभर घरीच सराव करायचं ठरलं होतं.

"आधी आरसा तरी हादरव," अक्का म्हणाली. "मघापासून 'अध्यक्ष महाराज' म्हणतोयस आणि खोकतोयस. मी सभागृहाच्या कचेरीत फोन करून सांगते, सकाळी येणार नाहीस म्हणून. आणि वहिनीचंही सांगते. किती दिवस मुका राहणार आहेस?"

अक्काने फोन लावला. "आमदारांच्या घरी निधन झालंय..."

"अरेरे!" पलीकडचा अधिकारी कळवळला. "कळलं बाई, कळलं. तुम्ही काही बोलू नका. पुढचं सगळं आम्ही बघतो." आणि फोन ठेवला.

त्याचंही चुकलं असं म्हणता येत नाही. सभागृहात शोकप्रस्ताव होतो तो सदस्याचा. सदस्यांच्या बायका तिथे कधी जन्मत नाहीत आणि मरतही नाहीत! खात्री करायला तो खांबामागे जाऊन आला. जागा रिकामी होती आणि शांतता नेहमीसारखीच होती.

अक्का शर्टाला इस्त्री करत होती, टीव्हीवर सभागृहाचं कामकाज चालू होतं. एकाएकी सगळे उभे राहिले. पडद्यावर आमदारांचा फोटो आला. पहिल्या निवडणुकीतला, डोक्यावर काळंभोर रान माजलेलं.

"अरे, हा तूच की!" अक्का म्हणाली.

अध्यक्ष गंभीर आवाजात म्हणाले, "कळवण्यास अत्यंत दुःख होत आहे..."

अक्काच्या हातातली इस्त्री शर्टावर तशीच राहिली. "अरे, तू मेलास!"

"शर्ट जळतोय," आमदार म्हणाले.

मग भाषणं सुरू झाली. प्रतोद म्हणाले, "ते माझा उजवा हात होते." ह्या हाताला कधी हात मिळवला नव्हता, ही गोष्ट वेगळी. मग विरोधी पक्षाचे पुढारी उठले. त्यांना सगळे तोफ म्हणत. तोफेने डोळ्यांना रुमाल लावला. "प्रत्येक मतदानाला हजर! प्रत्येक धोरणावर ठाम! आणि अध्यक्ष महाराज, इतक्या वर्षांत कुणाला एक वाकडा शब्द बोलले असतील तर शपथ!"

"सरळ तरी कुठे बोललास?" अक्का म्हणाली.

"दवाखाने वाचवणारा हा माणूस! त्यांचं एकच स्वप्न अपुरं राहिलं. बाकांचं विधेयक! आम्ही त्याला विरोध केला, मी कबूल करतो. पण आज दुपारी ते एकमताने मंजूर करू या. हीच खरी श्रद्धांजली!"

सगळं सभागृह बाकं वाजवू लागलं. प्रतोद मागे कसे राहतील? "माणूस आमचा, विधेयक आमचं! आधी आम्ही मंजूर करणार!"

आमदारांनी घाईघाईने चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालास?"

"सांगायला. मी नाही गेलो, ती गेली. रडायचंच तर तिच्यासाठी रडा म्हणावं."

"खाली बस!" अक्का कडाडली. "जिवंत होतास तेव्हा त्यांनी तुझ्याकडे ढुंकून पाहिलं का? आता मेलायस तर थोडा वेळ नीट मेलेला राहा! तुझ्या बायकोचं काम होतंय. मंजूर झालं की खुशाल जिवंत हो."

इतक्यात दारावरची घंटा वाजली. सवयीने आमदारांनीच दार उघडलं. दारात बैलगाडीच्या चाकाएवढं पुष्पचक्र होतं आणि त्याच्या मागे प्रतोद!

आमदारांच्या तोंडचं पाणी पळालं. प्रतोदांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. टकलावर नजर थांबली.

"तुम्ही त्यांचे भाऊ ना? चेहरा अगदी तोच. पण त्यांचे केस काय होते हो!"

आमदारांनी नुसते हात जोडले. अक्काने मागून हाक दिली, "या, या. दुःखाने त्याची वाचा बसलीय."

प्रतोद आत आले आणि फोटो शोधू लागले. खोलीत एकच फोटो होता. शिवणयंत्राशी बसलेली, दातांत दोरा धरून हसणारी बाई.

"ह्या कोण?"

"आमदारांची बायको," अक्का म्हणाली.

"आत आहेत का? भेटून जातो."

"नाही. तीही गेली."

"बाप रे! दोघंही!" प्रतोद मटकन खुर्चीत बसले. मग उठले, पुष्पचक्र त्याच फोटोखाली नीट टेकवलं, हात जोडले आणि मान खाली घालून बराच वेळ उभे राहिले. त्या माणसाबद्दल काहीही म्हणा, पण तेवढं त्यांनी मनापासून केलं. आमदारांनी भिंतीकडे तोंड फिरवून नाक पुसलं. महिन्याभरात तिच्यासाठी पक्षाकडून आलेली ती पहिली फुलं होती.

प्रतोदांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, एक विचारू? तुमच्या भावाची जागा आता रिकामी झाली. तुम्ही उभे राहाल का? तुम्हाला भाषण येतं?"

आमदारांनी मान हलवली. नाही.

"मतं आहेत? म्हणजे तुमची स्वतःची?"

पुन्हा नाही.

"उत्तम! अगदी त्यांच्यासारखे! चला माझ्या गाडीतून. भावाचं विधेयक मंजूर होताना डोळ्यांनी बघा."

आणि अशा रीतीने आमदार स्वतःचे भाऊ होऊन सभागृहात गेले! प्रेक्षकांच्या सज्जात पहिल्या रांगेत अक्का आणि ते. खाली त्यांच्या रिकाम्या जागेवर कुणीतरी फूल ठेवलं होतं. जिवंतपणी तिथे पाण्याचा पेला मागवला तरी येत नसे.

विधेयक पुकारलं गेलं. सगळ्यांची बोटं हिरव्या बटणावर टेकली. आमदारांनी अक्काचा हात धरला. आणि अध्यक्षांनी चष्मा काढला.

"एक अडचण आहे. नियम असा आहे, की सदस्य निवर्तला की त्याने मांडलेलं विधेयकही निवर्ततं. ते दुसऱ्या कुणाला मांडता येत नाही. मला हे विधेयक रद्द करावं लागेल."

बटणांवरची बोटं मागे आली! आता आली का पंचाईत? मेल्याशिवाय विधेयकाला कुणी विचारत नाही, आणि मेलं की विधेयक चालत नाही! तोफ उठली. ह्या वेळी रुमाल खरोखरच ओला होता. "अध्यक्ष महाराज, आज आमचा तो मित्र घटकाभर जरी जिवंत असता..."

"तर काय केलं असतंत?" वरून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वर. आमदार उभे होते. आपणच बोललो हे त्यांनाही क्षणभर खरं वाटलं नाही.

"प्रेक्षकांनी बोलू नये!" अध्यक्ष म्हणाले. "खाली बसा!"

"खालीच बसायचंय. त्या खांबामागे. माझी जागा आहे ती."

एकच गोंधळ! प्रतोद ओरडले, "हे त्यांचे भाऊ आहेत! दुःखाने भ्रमिष्ट झालेत!"

"मला भाऊ नाही. ही एक बहीण आहे, आणि तीच पुरून उरते!"

"कशावरून तुम्ही आमदार?" तोफ गरजली. "त्यांचा आवाज असा नव्हता!"

"कसा होता?" आमदारांनी विचारलं.

तोफेने प्रतोदांकडे पाहिलं. कुणालाच सांगता येईना. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "सदस्य असाल तर तुमच्या जागेवरून काय दिसतं ते सांगा."

"प्रतोदांचा अंगठा. आणि बाकाखालून तोफसाहेबांचे पाय. भाषणाच्या आधी ते बूट काढतात. डाव्या मोज्याला भोक आहे, अंगठा बाहेर येतो. रागाचं भाषण असलं की तो वरखाली होतो."

सभागृहाने वाकून पाहिलं. तोफेने पाय पोटाशी घेतले, पण उशीर झाला होता. "हेच ते!" तोफ लालबुंद होऊन ओरडली. "अध्यक्ष महाराज, हेच ते! घ्या त्यांना खाली!"

आमदार जिना उतरून खांबामागे आले. तिथून कुणालाच दिसेनात, तेव्हा एक पाऊल बाजूला सरकले. सराव केलेलं छत हादरवणारं भाषण पार डोक्यातून गेलं होतं.

"अध्यक्ष महाराज," ते म्हणाले, आणि खोकले नाहीत. "मी गेलो नाही. माझी बायको गेली. दवाखान्याच्या वेळी लाल बटण तिनेच दाबायला लावलं. हे विधेयकही तिचंच. तिचे गुडघे दुखायचे. तुम्ही सकाळी जे चांगलं बोललात ते सगळं तिला लागू आहे. विधेयक मी मांडतो."

झालं एवढंच भाषण. छत जागच्या जागी होतं. पण बाक वाजवायचंही कुणाला सुचलं नाही.

आता तोफेपुढे पेच. सकाळी साऱ्या राज्यासमोर रडून झालेलं, आता विरोध कसा करणार? ती उठली, बुटांसकट. "मी माझी श्रद्धांजली परत घेणार नाही! माणूस जिवंत निघाला म्हणून आम्ही शब्द फिरवणारे नाही!" प्रतोदांनी हात वर केला. अंगठा वर होता.

फलकावर सगळे दिवे हिरवे झाले. विधेयक एकमताने मंजूर! तेव्हा मात्र बाकं अशी वाजली की सज्जातली अक्का दचकून उभी राहिली. मग तीही टाळ्या वाजवू लागली. सज्जात टाळ्या वाजवायला बंदी आहे हे सांगायला गेलेला रखवालदार तिच्या शेजारी उभा राहून टाळ्या वाजवू लागला.

फक्त एक दिवा लागला नव्हता. आमदार पुनःपुन्हा हिरवं बटण दाबत होते. पण मयत सदस्याचं बटण सकाळीच बंद करून ठेवलेलं! आयुष्यात एकही मतदान न चुकवलेल्या माणसाचं त्याच्या एकुलत्या एक विधेयकाला मत नाही. आजही कागदोपत्री तसंच आहे.

निघताना तो सकाळचा अधिकारी धावत आला. पाया पडायचाच बाकी होता. त्याने आमदारांना जिवंत केल्याची नोंद करून घेतली आणि अडखळत म्हणाला, "साहेब, बाईंचं नाव मतदारयादीतून कमी केलंत का? ते घरच्या माणसानेच जाऊन सांगावं लागतं."

"करतो," आमदार म्हणाले.

पुढच्या निवडणुकीत ते पुन्हा निवडून आले. "मी अजून आहे," एवढंच सांगत फिरले. जागा पहिल्या रांगेत मिळाली. आणि बाकंही आली! चांगली रुंद, पाठ टेकायची. मतदारयादीच्या कचेरीतही एक आलं. आमदार तिथे जातात. बाकावर बसतात. खिडकीतला कारकून विचारतो, "काय काम होतं, साहेब?"

"काही नाही. बसलोय."

थोडा वेळ बसतात आणि घरी येतात. तिचं नाव यादीत अजून आहे. ते कमी करायचं राहिलं आहे.