एका कोपऱ्याच्या दहा मुठी

लग्नाच्या पंगतीत पहिला घास घेतला की गुलाबराव शेजारच्याला विचारत, "वरणात मीठ कमी वाटून राह्यलं का?" मग उठून दुसऱ्या टोकाला, तिथून बायकांच्या पंगतीत. ताटातलं वरण थंड व्हायचं, पण निकाल लागायचा. "शंभरातले साठ पुरुष कमी म्हणतात. बाया तीसच."

"काहून हो?"

"आचाऱ्याची बायको त्याच पंगतीत बसली हाय ना!"

गुलाबराव माझे शेजारी. दिग्रसच्या बाजारात ते कापसाचे ग्रेडर होते. गाडीतला वरचा कापूस पाहून प्रत ठरवायची नाही. खालून, मधून, कोपऱ्यातून मूठ काढायची. निवृत्तीनंतर हेच त्यांनी माणसांवर सुरू केलं. नवा रस्ता, निवडणूक, तर्रीतलं तेल, सगळ्यावर लोकांचं मत. पाचच बाया भेटल्या तर निकाल रोखून धरत. "एक पलटली का वीस टक्के पलटते!"

टपरीवर आम्ही दहा म्हातारे रोज एकत्र बसायचो. आमच्या दहांचं मत मात्र ते एकच धरत. "एका कोपऱ्याच्या दहा मुठी म्हणजे एकच मूठ, भाऊ." याचा मला राग होता.

त्यांची बायको, आमच्या वहिनी, वारल्या त्या वर्षी त्यांनी नवा प्रश्न आणला. "एकट्या म्हाताऱ्यानं पोराजवळ पुण्याले जावं, का इथंच राहावं?"

मी बाकीच्यांना डोळा मारला. दहाही जण एका सुरात ओरडले, "जावं!"

ते हसले नाहीत. "बाया तं शंभरातल्या नव्वद राहा म्हणतात," पुटपुटत निघून गेले.

दिग्रसात अजून सांगतात, की गुलाबरावांची पुण्याची बस चुकली. खोटं आहे. ती अफवा माझीच.

चार दिवसांनी ते मला बसस्टँडवर ट्रंकेवर बसलेले दिसले. तेव्हा कुठे कळलं, तो प्रश्न कोणाचा होता.

"गुलाबराव, आमी मजाक केली होती. मीच साऱ्याइले इशारा केला."

"मले तवाच समजलं. दहाचा एकच धरला."

"मंग बायांचं ऐकाचं ना! निघाले कायले?"

ते ट्रंकेची कडी चाळवत राहिले. "तो एक तुमी होते, भाऊ."

बस लागली. मी म्हणालो, "माझं मत बदललं. राहा."

"कोणी डोळा मारला?"

"नाही. एकटाच आलो."

कंडक्टरनं घंटी दिली, बस निघून गेली. गुलाबराव उठले आणि ट्रंकेची एक कडी माझ्याकडे केली.

"धरा मंग इकडून. जड हाय."